१५ टक्के फी कपात, छोटी शाळा आणि करोनाची दीड वर्षं

शेवग्याची_शेंग | १५ ऑगस्ट २०२१, २२:१०

बारा तारखेचा शासन निर्णय एव्हाना सगळ्यांच्या फोनवर फिरून झाला असेल. खासगी शाळांनी २०२१-२२ च्या फीमध्ये १५ टक्के कपात करायची, ज्यांनी आधीच पूर्ण भरली त्यांची पुढे वळती करायची किंवा परत द्यायची. आमच्या पालकांच्या ग्रुपवर त्या रात्री फक्त फटाके फुटायचे बाकी होते.

माझी पंचाईत अशी की पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची सोडत काढली, त्यात चौथीच्या पालकांतून नेमकी माझी चिठ्ठी निघाली. आयुष्यात कधी लॉटरी लागली नाही, ती ही लागली. येत्या शनिवारी, २१ तारखेला बैठक आहे.

शाळा नाशिकमधली, सातपूरच्या बाजूची. ट्रस्टची, विनाअनुदानित, सेमी-इंग्रजी. बालवाडी ते दहावी, एका इयत्तेला एकच तुकडी, सगळी मिळून साडेतीनशे पोरं. फी वर्षाला १२ हजार. पालक बहुतेक सातपूर-अंबड एमआयडीसीतले: कंत्राटी कामगार, पावडर कोटिंगवाले, लेथवाले, मेसचे डबे करणाऱ्या बाया. चार-पाच इंजिनियर आणि बँकवाले, त्यांचा पगार लॉकडाऊनमध्येही चालू होता. (आम्ही त्यातलेच, हे आधीच सांगते.)

गेल्या वर्षी शाळेने दंड लावला नाही, हप्ते दिले, एकाही मुलाचा वर्ग बंद केला नाही. त्या बदल्यात शिक्षकांचे पगार अर्धे-पाऊण झाले आणि फरक अजून द्यायचा आहे. आता सरसकट १५ टक्के कापले तर तो फरक आणखी लांबणार, असं मुख्याध्यापिका बाई म्हणतात. न कापावेत तर ज्यांची नोकरी गेली त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

म्हणून विचारते. अनुदानित आणि सरकारी शाळा बाजूला ठेवून, तुमच्या खासगी शाळेने या काळात घरांना आधार दिला का? दिला तर नेमकं काय केलं? ‘आमची शाळा खूप छान आहे’ असले प्रतिसाद नकोत, बैठकीत मांडता येईल असं काहीतरी सांगा.

---

भडंग | १५ ऑगस्ट २०२१, २२:४८

आधार? बरं.

गेल्या जूनमध्ये पोरगं सकाळी आंघोळ करून, शाळेचा शर्ट घालून (खाली हाफ पँट) फोनसमोर बसलं. लिंक उघडली की ‘होस्ट तुम्हाला आत घेईल’ एवढंच दिसायचं. होस्ट काय आत घेईना. पोराला वाटलं नेट गेलं. राऊटर बंद कर, चालू कर, गच्चीवर जा. दुसऱ्या दिवशी मित्राकडनं कळलं की फी बाकी असणाऱ्यांना आत घ्यायचं नाही असं ठरलंय. आम्हाला कुणी एक फोन केला नाही. बिलात मात्र बस, जिमखाना, संगणक कक्ष, स्नेहसंमेलन सगळं जसंच्या तसं. बंद इमारतीत कसलं स्नेहसंमेलन, भुतांचं?

शाळेचं नाव लिहीत नाही. पोरगं आता अनुदानित शाळेत आहे. शाळा सोडल्याचा दाखला अडवून ठेवला होता, पण शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम ५ मध्ये स्पष्ट आहे की सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर दाखल्याच्या उशिरापायी प्रवेश अडवता येत नाही. आठवीपर्यंतच्या मुलांना हे लागू आहे. कुणाला लागलं तर लक्षात ठेवा.

तेव्हा ताई, १५ टक्के घ्या आणि गप बसा. हक्काचे आहेत.

---

रिकामा_कप | १५ ऑगस्ट २०२१, २३:०५

खाली हाफ पँट हा त्या काळचा राष्ट्रीय पोशाख होता. आमच्या ऑफिसातही.

(वाचतोय. पॉपकॉर्न.)

---

ताळेबंद | १६ ऑगस्ट २०२१, ०८:३०

कायदा नको असं धागाकर्तीने म्हटलं नसलं तरी गोंधळ नको म्हणून थोडक्यात.

८ मे २०२० ला राज्याने फीवाढ करू नका, हप्ते द्या असा निर्णय काढला होता. जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. या मार्चमध्ये निकाल आला: ठरलेल्या फीत सरकारने हात घालू नये, पण शाळांनी हप्ते द्यावेत आणि फीपायी मुलांना ऑनलाइन वर्गाबाहेर ठेवू नये. मग ३ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, राजस्थानातल्या शाळांच्या प्रकरणात. न्या. खानविलकर आणि न्या. माहेश्वरी यांचं पीठ. १५ टक्के हा आकडा तिथला. शाळा बंद असल्याने वीज, पाणी, देखभाल, स्टेशनरी यांचा खर्च वाचला, न दिलेल्या सेवेचे पैसे घेऊ नका, असा त्यामागचा तर्क. तो निकाल २०२०-२१ च्या फीबद्दल होता, आपल्याकडे कपात २०२१-२२ साठी लावली आहे. संस्थाचालक कोर्टात जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

त्या निकालातला एक भाग ग्रुपवर कुणी फिरवत नाही. १५ टक्क्यांच्या वर सवलत द्यायला शाळेला मोकळीक आहे. आणि एखाद्या पालकाने अडचण सांगितली तर त्याच्या अर्जाचा सहानुभूतीने, प्रकरणागणिक विचार करा, असंही त्यात म्हटलं आहे.

आता हिशोब. तुमच्या शाळेत १२ हजारांचे १५ टक्के म्हणजे १,८०० रुपये. तीस मुलांचा वर्ग धरा, ५४ हजार. शिक्षिकेला महिना १२ हजार मिळत असतील तर हा तिचा साडेचार महिन्यांचा पगार झाला. पोहण्याचा तलाव, बसचा ताफा आणि एसी वर्ग असलेल्या शाळेचा बंद काळात खरोखर खर्च वाचला. तुमच्या शाळेत काय वाचलं? पंखे आणि खडू.

---

भडंग | १६ ऑगस्ट २०२१, ०९:१२

ताळेबंदराव, तीस मुलं गुणिले १२ हजार म्हणजे वर्गामागे तीन लाख साठ हजार. बाईंचे वर्षाचे १ लाख ४४ हजार जातात. उरलेले कुठं जातात ते पण मांडा की.

---

ताळेबंद | १६ ऑगस्ट २०२१, ०९:४०

रास्त प्रश्न. वर्गामागे एकच शिक्षक नसतो, वरच्या वर्गांना विषयवार लागतात. कारकून, शिपाई, मावशी, इमारतीचं भाडं किंवा कर्ज, भविष्य निर्वाह निधी. आरटीईच्या राखीव २५ टक्के जागांवरची मुलं असतील तर त्यांचे पैसे सरकारकडून यायचे, ते रखडलेले. आणि साठ साली फी भरणारे तीसच्या तीस नसतात.

पण मी इथे अंदाजाने सांगण्यात अर्थ नाही. फी ठरवताना व्यवस्थापनाने कार्यकारी समितीपुढे हिशोब ठेवायचा असतो. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने ही समिती त्यासाठीच आहे. शेंगताई, शनिवारी पहिली मागणी तीच करा.

(‘साठ साली’ काय लिहिलं मी! ‘अशा साली’ वाचा. फोनचं टंकन.)

---

खडूफळा | १६ ऑगस्ट २०२१, २१:५५

मी त्या बाराहजारी जमातीतली. कोल्हापूरकडची विनाअनुदानित शाळा, इथं बारा वर्षं मराठी आणि इतिहास शिकवते.

२०२० च्या मेपासून दिवाळीपर्यंत निम्मा पगार घेतला. व्यवस्थापनाने बोलावून वह्या दाखवल्या आणि विचारलं, दोघींना कमी करू की सगळ्यांचे निम्मे करू? सगळ्यांनी निम्मे म्हटलं. आनंदाने म्हटलं असं नाही. भडंग यांचा राग पूर्ण पटतो, पण फी माफ करा म्हणणाऱ्यांनी आमचा पगार त्याच फीतून येतो हे एकदा म्हणावं, एवढंच.

आता मांडता येईल असं काही. आमच्याकडे जुलै २०२० मध्ये घरं वाटून दिली, प्रत्येकीला वीसेक. आठवड्याला एक फोन. त्या फोनवर अभ्यास काढायचा नाही ही सक्त ताकीद. शंभर पानी वहीत रकाने आखले होते: घरात कोण आजारी, काम चालू आहे का, फोन किती आणि कुणाकडे, रिचार्ज कधी संपतो. वेळ रात्री आठनंतरची, कारण फोन बाबांबरोबर कामाला जातो आणि बाबांबरोबर परत येतो.

पहिले दोन-तीन फोन फुकट गेले. लोक घाबरायचे. ‘भरतो मॅडम, एक तारखेला भरतो’ हेच पहिलं वाक्य. फीचं नाव आम्ही काढायचं नाही हे त्यांना पटायला महिना लागला. त्यानंतर मात्र बोलू लागले. सातवीतली एक मुलगी रोज वर्गात हजर दिसायची, नाव असायचं, कॅमेरा बंद, हाक मारली की उत्तर नाही. मी मनात शिक्का मारून मोकळी झाले होते. फोनवर कळलं, ती आईबरोबर भांगलणीला जात होती. धाकटा भाऊ, दुसरीतला, ताईची हजेरी चुकू नये म्हणून रोज साडेनऊला जॉइन करून फोन उशाशी ठेवून द्यायचा.

तिचा वर्ग मग संध्याकाळी सातला घेतला. तिच्यासारख्या आणखी निघाल्या, वर्ग चांगला भरला.

---

शेवग्याची_शेंग | १६ ऑगस्ट २०२१, २२:२०

खडूफळा ताई, घरं वाटण्याची कल्पना उद्याच बाईंना सांगते. आमच्याकडे वर्गशिक्षिका फोन करतात पण ‘गृहपाठ अपलोड झाला नाही’ एवढ्यासाठी.

---

मेथीकूट | १७ ऑगस्ट २०२१, ११:१५

आमचं उलट. फी वसूल झाली असं दिसावं म्हणून सिनियर केजीच्या पोरांना सकाळी साडेतीन तास बसवायचे. सरकारने गेल्या जुलैत पूर्वप्राथमिकला दिवसाला ३० मिनिटं ठरवून दिली होती. मी ते पत्रक पाठवलं तर उत्तर आलं, ‘इतर पालकांचीच मागणी आहे.’ आणि खरंच होती! तेव्हा आधार कसला हवा हे पालकांनाही कुठे ठरवता येतं.

टीव्हीवर सह्याद्रीला ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लागायची ती आमच्या पोराने जास्त मन लावून पाहिली. त्यातले आईबाबा पोरांवर ओरडत नाहीत, अशी तक्रारही केली माझ्याकडे.

---

व्हॅनवाल्याची_लेक | १७ ऑगस्ट २०२१, २३:३०

बरेच महिने इथे नुसती वाचते, आज लिहितेय.

पप्पांची चिंचवडला शाळेची व्हॅन. दोन शाळांची पोरं नेत होते. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या त्या झाल्याच. कर्जाचे हप्ते ऑगस्टपर्यंत थांबवता आले, पण व्याज चढतच होतं. व्हॅनवाले शाळेचे नोकर नसतात, त्यामुळे पगार कपात वगैरे आमच्या वाट्याला यायचा प्रश्नच नाही. शून्य म्हणजे शून्य. मोठ्या शाळेने फोनही उचलला नाही.

लहान शाळा होती तिने तीन व्हॅनवाल्यांना बोलावून घेतलं. ज्या घरांत स्मार्टफोन नाही त्यांच्याकडे दर सोमवारी स्वाध्यायाचे कागद पोचवायचे, आठवड्याने भरलेले परत आणायचे. विनाअनुदानित शाळेतल्या पोरांना सरकारची फुकट पुस्तकं मिळत नाहीत, म्हणून वर गेलेल्या पोरांची जुनी पुस्तकं गोळा करून खालच्यांना द्यायचं कामही याच फेऱ्यांत. डिझेल आणि वर रोज दिला. फार नव्हता, पण किराणा सुटायचा.

तेव्हा कागदाला हात लावायची पण लोकांना भीती. परत आलेले कागद आणि वह्या शाळेच्या गच्चीवर उन्हात पसरायचे, पापड घातल्यासारखे, वर दगड ठेवून. पप्पा आणि शिपाई मामा राखण करायचे. तीन दिवसांनी बाई तपासायला न्यायच्या. एकदा अवकाळी आला आणि पाचवीचं गणित वाहून गेलं. पोरं खूश.

पप्पांना घरं पाठ होती ना, कुठल्या गल्लीत व्हॅन वळत नाही, कुणाची आजी दारातच बसते. कुठल्या घराला कुलूप लागलंय, कोण गावी निघून गेलं, हे शाळेला पप्पांकडूनच कळायचं. त्याच फेऱ्यांत रेशनच्या पिशव्याही गेल्या. माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवले होते. पोषण आहाराचा शिधा सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या पोरांना मिळत होता, या पोरांना नाही.

---

रिकामा_कप | १८ ऑगस्ट २०२१, ००:०४

पॉपकॉर्न मागे घेतो. लिहीत राहा.

---

टेम्सकाठी | १८ ऑगस्ट २०२१, ०२:४०

लंडनहून. मुलगी इथल्या इंडिपेन्डंट स्कूलमध्ये, म्हणजे खासगी शाळेत आहे. गेल्या वर्षी उन्हाळी सत्रात इथल्या बऱ्याच शाळांनी फीत सूट दिली, आमचीनेही दिली. शिवाय हार्डशिप फंड होता. अर्ज गोपनीय, तो फक्त बर्सरकडे, म्हणजे शाळेचा हिशोब बघणाऱ्याकडे जातो. मुख्याध्यापकांनाही सगळं कळत नाही.

पण त्यामागचं गणित वेगळं आहे हे सांगायला हवं. स्वयंपाकघर, बस, मैदान यातली माणसं शाळांना सरकारच्या फर्लो योजनेत टाकता आली. पगाराचे ८० टक्के, महिना २,५०० पौंडांपर्यंत सरकारने दिले. एवढा टेकू पाठीशी असला की सूट देताना छाती पुढे काढता येते. आपल्याकडे व्हॅनवाल्यांना कोण देणार होतं? गरीब मुलांच्या जेवणाची कुपनं मात्र इथेही सरकारी शाळांनाच होती, आणि सुट्टीत ती बंद होऊ नयेत म्हणून एका फुटबॉलपटूला, मार्कस रॅशफर्डला, सरकारशी भांडावं लागलं.

---

कागदोपत्री | १८ ऑगस्ट २०२१, १३:२०

मी शाळेत कारकून आहे, मराठवाड्यात. वर सगळं पहिल्या वर्षाचं चाललंय. दुसऱ्या लाटेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

या एप्रिल-मेमध्ये आमच्या शाळेतल्या मुलांचे पालक गेले. आकडा लिहीत नाही, गाव लहान आहे. संस्थेने त्या मुलांची दहावीपर्यंतची फी माफ केली. कागदी कामाचं मात्र कुणाच्या डोक्यात नव्हतं. घरातला कमावता माणूस गेलाय, बाई सुतकात, आणि सासरे विचारतात, ‘ते पाच लाख कधी मिळणार?’ ते पाच लाख, म्हणजे राज्य सरकारची मुदत ठेव, आई आणि वडील दोघंही करोनाने गेले असतील तरच. केंद्राची मे महिन्यात जाहीर झालेली दहा लाखांची योजनाही अशा अनाथ मुलांसाठीच. एक पालक गेला असेल तर बालसंगोपन योजना आहे, या वर्षी (२०२१) महिना ११०० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात.

हे घराघरांत सांगत बसण्यापेक्षा मी शाळेतच टेबल लावलं. बोनाफाईड माझ्याच हातात, ते लगेच देतो. मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, मुलांचे फोटो. फोटोसाठी फोटोवाल्यालाच शाळेत बोलावलं, कारण बाया बाजारात जायला तयार नव्हत्या. एक लक्षात ठेवा: करोनाच्या अहवालाचे कागद सांभाळायला सांगा. एका घराने दवाखान्याची सगळी फाइल अपशकुनी म्हणून नदीत सोडली होती. नंतर दवाखान्यातून नक्कल काढताना माझी चप्पल झिजली.

शाळेला याचा खर्च किती आला? झेरॉक्सचा.

---

मेथीकूट | १८ ऑगस्ट २०२१, १३:५१

कागदोपत्री, नमस्कार घ्या.

---

शेवग्याची_शेंग | १९ ऑगस्ट २०२१, २१:३०

सगळ्यांचे आभार. बैठकीसाठी मनात आलेलं मांडते, फाडून खा. १५ टक्के कपात जाहीर करायची, पण ज्यांचा पगार चालू आहे त्यांना विनंती करायची की तुमचे १,८०० सोडा. त्यातून निधी, निधीतून गरजूंची फी आणि शिक्षकांचा थकलेला फरक.

---

भडंग | १९ ऑगस्ट २०२१, २१:४४

‘विनंती’ म्हणजे काय ते आम्हाला विचारा. उद्या ग्रुपवर यादी येणार, कुणी सोडले, कुणी नाही. नाही सोडले त्याचं पोरगं गॅदरिंगला मागच्या रांगेत. आणि गरजू कोण हे कोण ठरवणार? संस्थेच्या मर्जीतला पालक. अर्ज करा, हात जोडा, मग उपकार. म्हणून मी म्हणतो सरसकट द्या. सरसकटमध्ये कुणाला मान खाली घालावी लागत नाही.

---

ताळेबंद | १९ ऑगस्ट २०२१, २२:१५

भडंग यांच्याशी नव्वद टक्के सहमत. सवलत आणि देणगी एका पावतीवर आणू नका. बिलात सगळ्यांना कपात दिसली पाहिजे. निधीला ज्याला द्यायचे तो नंतर, वेगळी पावती घेऊन देईल. आणि ‘सोडा’ हा शब्दच वापरू नका.

दहा टक्के असहमती अशासाठी की लेथवर नोकरी गेलेल्याला १,८०० ने काय होतं? उरलेले १०,२०० तो कुठून आणणार? सरसकट कपातीने त्याचा प्रश्न सुटत नाही आणि माझ्यासारख्याला गरज नसताना पैसे मिळतात.

---

खडूफळा | १९ ऑगस्ट २०२१, २२:४०

निधीची यादी समितीतल्या पालकांनीही बघू नये. वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापिका, बस. पालकाला पालकासमोर लाज वाटते तितकी आमच्यासमोर वाटत नाही. आणि उत्पन्नाचा दाखला मागू नका. कागदावर उत्पन्न मागच्या वर्षीचं असतं, नोकरी काल गेलेली असते.

---

शेवग्याची_शेंग | २२ ऑगस्ट २०२१, १०:०५

बैठक झाली. तीन तास, मास्क लावून, दोन बाक सोडून एक जण, त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा ओरडून.

हिशोब मागितला. ट्रस्टींना आवडलं नाही, पण बाईंनी दुसऱ्या फेरीच्या चहाआधी वह्या काढल्या. सगळ्यात मोठा आकडा पगार, दुसरा इमारतीचं कर्ज. एक खर्च मात्र आम्ही बोट ठेवून थांबवला: बंद शाळेच्या ‘सुशोभीकरणाचा’. त्यावर जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. एका पानाचा जमाखर्च आता सूचनाफलकावर लागेल आणि पालकांना पाठवला जाईल.

१५ टक्के सगळ्यांना, बिलातच. निधी वेगळा, वेगळी पावती, ग्रुपवर नाव काढायचं नाही. निधीचा अर्धा भाग शिक्षकांच्या थकलेल्या फरकासाठी, तो दिवाळीआधी. यावर दोन पालक शेवटपर्यंत विरोधात होते, त्यांचं म्हणणं पगार ही संस्थेची जबाबदारी. चुकीचं नाही. मतदानात हरले. घरं वाटून फोन करणं सप्टेंबरपासून. व्हॅनच्या फेऱ्यांचं या वर्षी बसत नाही.

---

भडंग | २२ ऑगस्ट २०२१, १०:३०

सुशोभीकरण! बघा, मी म्हणत नव्हतो?

बाकी ठीक आहे. निधीचा अर्ज कसा केलाय तेवढं टाका इथं. आमच्या अनुदानित शाळेतपण परीक्षा फी आणि गणवेशावरनं वांधे आहेतच.

---

शेवग्याची_शेंग | २२ ऑगस्ट २०२१, ११:१८

अर्ध्या पानाचा आहे. मुलाचं नाव, इयत्ता, आणि खाली तीन ओळी:

या वर्षी किती भरता येईल?
कधीपर्यंत जमेल?
तुम्हाला फोन कोणत्या वेळी करावा?

कारण विचारलेलं नाही, दाखला जोडायचा नाही. पहिल्या ओळीत शून्य लिहिलं तरी चालेल असं बाईंनी स्वतःच्या हाताने खाली लिहिलं आणि मगच झेरॉक्सला दिला. सही फक्त पालकाची. अंगठाही चालतो.